लाल शाईखालचा अभिप्राय

दौंडच्या आमच्या वाचनालयात प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी दोन-चार कोरे कागद चिकटवलेले असत. वाचकांनी त्यांवर अभिप्राय लिहायचे. मी शाळेत शिकवायचे आणि रविवारी तिथे पुस्तकांची देवघेव बघायचे. साठ-एकसष्ट साल असेल.

त्या वर्षी महायुद्धातल्या एका लढाईचं पुस्तक हातोहात फिरलं. रंगूनजवळ विमानांतून हवाई छत्र्यांनी उतरलेल्या सैनिकांचा इतिहास. मागे ‘रोमहर्षक’, ‘एका बैठकीत संपवले’ असं कुणीकुणी लिहिलेलं. ‘भाषा ओघवती’ हे माझं.

मग ते स्टेशनाजवळ शिवणकाम करणाऱ्या चाचांनी नेलं. खडकीच्या सॅपर, म्हणजे पूल-सुरुंगांचं काम करणाऱ्या, पलटणीतून ते स्वतः त्या लढाईत उतरले होते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. पुस्तक परत आलं तेव्हा मागे पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: ‘आमची माणसे जपानी तोफांनी मेली असे छापले आहे. ते खोटे आहे. आमच्याच बाजूच्या विमानांनी चुकून बॉम्ब टाकले. माझ्या शेजारचे दोघे त्यात गेले. मी तिथे होतो.’

वाचनालयाच्या चिटणिसांनी त्यावर लाल शाईची फुली मारली आणि बाजूला लिहिलं, ‘निराधार’.

“अहो, ते तिथे होते,” मी म्हटलं.

“छापलेलं खोटं आणि शिंप्याचं खरं? काहीतरीच काय बाई!” असं म्हणून ते हसले. त्या हसण्यानं माझं डोकं सणकलं.

वार्षिक सभेत निवडक अभिप्राय मी वाचायचे, अशी पद्धत होती. यादी चिटणिसांची. ती संपल्यावर मी फुलीखालचा मजकूर मोठ्यानं वाचला.

“बाई, खाली बसा!” चिटणीस ओरडले. मागून कुणीतरी विचारलं, “पुरावा काय?”

चाचा दाराशी उभे होते. म्हणाले, “दोघांतला एक खुटबावचा व्हता. त्याचा थोरला भाऊ दर बाजाराला हितं येतो. त्याला इचारा, भाऊ कुठं हाय म्हणून.”

चिटणिसांनी चहा सांगितला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी शाळा सुटल्यावर तो भाऊच मला गाठून वाचनालयात घेऊन गेला. “बाई, माझ्या भावाचं लिवलंय म्हनं. मला वाचता येत न्हाई.”

मी दोनदा वाचून दाखवलं. तो खाली बघत ऐकत होता.

“चाचांनी तुम्हाला कधी सांगितलं नाही?”

“आई औंदा गेली, तवा सांगितलं. म्हनले, ती जिती हाय तवर कसं सांगू, आपल्याच इमानानं मारलं म्हनून? सरकारी कागदात निस्तं लढाईत मेला एवढंच व्हतं.” मग त्यानं विचारलं, “ह्यो कागद मला मिळंल का?”

“वाचनालयाची मालमत्ता आहे ती,” चिटणीस टेबलामागून म्हणाले.

लाल शाई फासताना मालमत्ता आठवली नव्हती! मी त्यांच्यासमोर कागद पुस्तकातून फाडून काढला, घडी घालून त्या माणसाच्या हातात दिला. त्यानं तो बंडीच्या आतल्या खिशात ठेवला.

रविवारी चिटणिसांनी माझ्याकडून कपाटाच्या किल्ल्या काढून घेतल्या. पुस्तक जपानी तोफांसकट फिरत राहिलं. तोफांच्या त्या पानावर दुरुस्तीची चिठ्ठी तरी लावा, असं मी चिटणिसांना दोनदा लिहिलं. उत्तर आलं नाही.