उतरा पाव्हणं, गेट आलं

बबनदाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, कुठल्याही गेटातून सायकलवर बसून आत जात नसत. दवाखान्याचं गेट असो, शाळेचं असो की लग्नाच्या मांडवाची कमान, दहा पावलं आधीच त्यांची टांग मागून फिरून खाली यायची. ही सवय कंपनीनं लावलेली. गेटवर पाटी होती, 'सायकलवरून उतरा', आणि पाटीखाली हवालदार. कुणी बसून आत शिरला की त्याचं नाव वर कळवायचं, हे त्याचं काम.

आम्ही दोघं एकाच कंपनीत. ते शॉपमध्ये मशीनवर, मी स्टोअरला कारकून. चिखलीहून ते मला रोज डबलसीट न्यायचे. मला सायकल येत होती, पण दाजी असताना आपण पायडल मारणं मला उद्धटपणाचं वाटे. माझं वजन तेव्हाही कारकुनाला शोभेलसंच होतं. ओढ्यापाशी ते मला उतरवत, सायकल खांद्यावर टाकून चिखलातून पलीकडे जात आणि वळून विचारत, "काय पाव्हणं, तुमाला बी घेऊ का दुसऱ्या खांद्यावं?" कंपनीपाशी मात्र चेष्टा बंद. तिथं एकच ठरलेलं वाक्य: "उतरा पाव्हणं, गेट आलं."

दाजी टेंपररी होते. परमनंट करायची वेळ आली की कंपनी ब्रेक द्यायची. महिना-दोन महिने घरी, मग पुन्हा पहिल्यापासून नवे. ब्रेकमध्ये दाजी म्हशींकडे बघत बसायचे आणि ताई त्यांच्याकडे.

आणीबाणी उठली त्या वर्षी कंपनीनं आडरानातली सायकल शर्यत ठेवली. गेटातून निघायचं, नांगरलेली शेतं आणि ओढा ओलांडून माळाला वळसा घालायचा आणि परत गेटातून आत. झेंड्याच्या खांबापाशी फीत. मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, जो पहिला येईल तो कंपनीच्या सायकल टीममध्ये, आणि परमनंट. दाजींनी त्याच दिवशी मडगार्ड आणि कॅरिअर काढून ठेवलं. "तुमची जागा काढली पाव्हणं. आता बघा कशी पळती!" दाजींच्या पोटऱ्या इतकी वर्षं मागं बसून मीच तयार केल्या, असं मी गावभर सांगत सुटलो.

शर्यतीच्या दिवशी ताई आणि मी फितीपाशी उभे होतो. पाऊस नुकताच सरलेला, काळी माती नुसती चिकट. बाकीच्यांची चाकं तिनं धरून ठेवली असणार, कारण वळणावर दिसले ते एकटे दाजी. छातीपर्यंत चिखल, तोंडात शर्टाची कॉलर. त्यांच्या बऱ्याच मागं अकाउंट्समधला एक तरुण. ताईनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले.

गेट आलं. हवालदार नेहमीच्या जागी उभा होता. दाजी उतरले.

उतरले, आणि सायकल हातात धरून शिस्तीत चालू लागले. "दाजी, बसा! अहो बसा की!" मी ओरडलो. ताई तर नाव घेऊनच ओरडली. त्यांना उमगलं, त्यांनी घाईनं टांग मारली, पण चिखलानं भरलेली चेन सटकली. अकाउंट्सवाला बाजूनं आला आणि फीत घेऊन गेला. तो रोज कंपनीच्या बसनं यायचा. गेटवर उतरायचं असतं, हे त्याच्या पायांना कुणी शिकवलंच नव्हतं.

दुसरं बक्षीस स्टीलचा जेवणाचा डबा. तो देताना साहेब माईकवर म्हणाले, "शिस्त असावी तर अशी!" सगळी कंपनी हसली. आमचं स्टोअर त्यात आघाडीवर होतं.

घरी तिघं चालतच गेलो. ओढ्यापाशी दाजी ताईला एवढंच म्हणाले, "हसायचं काय हुतं गं त्यात?"

दुसऱ्या दिवशी कॅरिअर पुन्हा बसवलेलं होतं. मी मागं बसलो. गेट आलं तरी दाजी काही बोलेनात. मी सवयीनं उडी मारली. दाजी उतरले नाहीत. पाटीखालून, हवालदारासमोरून, घंटी वाजवत सरळ आत.

"ए बबन! उतर खाली!"

"काल उतारलो तवा हसला की तुमी! आज बसूनच जातो."

साहेबांपुढं उभं केलं. माफी लिहून दे म्हणाले. दाजींनी विचारलं, "कंच्या दिवसाची लिवू सायब? कालची का आजची?"

माफी त्यांनी लिहिली नाही. पुढच्याच आठवड्यात त्यांना ब्रेक मिळाला. तो अजून संपलेला नाही. डब्यात ताई लोणचं भरून ठेवते.

मी आता माझी सायकल चालवतो, धापा टाकत. रोज सकाळी मी गेटापाशी पोचतो, त्याच वेळी दाजी दुधाच्या किटल्या लावून समोरच्या रस्त्यानं पिंपरीकडं निघालेले असतात. गेटाकडं ते बघत नाहीत. नुसती घंटी वाजवतात आणि सगळ्या शिफ्टला ऐकू जाईल असं ओरडतात, "उतरा पाव्हणं, गेट आलं!"

मी तोवर उतरलेलोच असतो.