इंदूबाईंची नाडी

कॉलेजातला रबरी पुतळा मानेत तुटला, तेव्हा दोन दिवस त्याच्या जागी झोपायला इंदूबाई तयार झाल्या. त्या फॉरेन्सिक विभागातल्या शिपाई. नवा पुतळा काही आला नाही, आणि इंदूबाई दर वर्षी मरत राहिल्या.

प्रॅक्टिकल परीक्षेच्या खोलीत खोटा गुन्हा मांडलेला असायचा. उलटी पडलेली खुर्ची, फुटलेला ग्लास, फरशीवरच्या भुकटीत बुटाचा ठसा आणि मधोमध इंदूबाई. एकेक विद्यार्थी आत येऊन फोटो काढणार, अंतरं मोजणार, पुरावा पाकिटात घालून सील करणार. तेवढा वेळ मढ्याने हलायचं नाही. इंदूबाईंना याचा भारी अभिमान. कामठीहून शेअर ऑटोत येताना त्या शेजारणीला ऐकवत, की जिवंतपणीची कामं कोणीही करतं. जेवलं की पोट वरखाली होताना दिसतं, हेही त्यांनी ताडलं होतं. म्हणून परीक्षेच्या दिवशी डबा उघडायचा तो सगळं आटोपल्यावरच. यंदा डॉक्टरांनी रक्तातली साखर उतरवायची गोळी सुरू केलेली. गोळी त्यांनी इमानेइतबारे घेतली आणि डबा नेहमीसारखा तसाच ठेवला. आता याला काय म्हणावं!

सुमंत नावाचा मुलगा आत असताना त्यांना दरदरून घाम फुटला. उठावं म्हटलं तर अंगात त्राण नाही, हाक मारावी तर जीभ उचलत नाही. बाहेरगावचे परीक्षक दारातून कौतुकाने म्हणाले, बाई अगदी हुबेहूब करतात. प्रेमलता मॅडम, विभागाच्या प्रमुख, खूश झाल्या. सुमंतने बाईंच्या डोक्यापासून भिंतीपर्यंत टेप धरली, आकडा लिहिला, वाकून चेहऱ्याचा फोटो काढला आणि गेला. इंदूबाईंना भीती वाटली. आपण इथे खरोखरच मरू आणि पोरं मापं घेत बसतील.

मग रोशनी आली. भिवापूरची, याच प्रॅक्टिकलला गेल्या वर्षी नापास झालेली; यंदाही नापास झाली तर कॉलेज सुटणार होतं. त्या धास्तीने तिने पुस्तक पहिल्या ओळीपासून घोकलं होतं, आणि पहिली ओळ होती, आधी माणूस जिवंत आहे का ते पाहा. ती ओळ सगळ्यांनीच वाचली होती, पण रोज पाणी आणून देणाऱ्या इंदूबाईंची नाडी कोण कशाला बघेल? रोशनीने मनगट धरलं आणि थबकली.

"मॅडम, मावशी घामानं भिजून राहिल्या. हात थंडगार पडला त्यायचा."

परीक्षकांनी वेळ चालू असल्याची आठवण करून दिली. मॅडम म्हणाल्या, त्या काम करताहेत, तू तुझं कर. बाईंचं डोकं मांडीवर घ्यायचं तर बुटाच्या ठशावरच बसावं लागणार होतं. रोशनी ठशावर बसली.

"कोणी साखर आणा," ती म्हणाली. "मी काही उठत नाही इथून."

साखर आली, मागून चहा आला. इंदूबाईंना नीट दिसू लागलं, तेव्हा त्यांचं मनगट अजून त्या पोरीच्या हातात होतं.

"सोड वं, तुयी परीक्षा आहे," त्या पुटपुटल्या.

चहा संपेपर्यंत तिने हात सोडला नाही.

परीक्षकांनी नाडीचे गुण दिले, ठसा मोडल्याचे कापले. रोशनी काठावर पास झाली. हा हिशेब इंदूबाईंना मुळीच पटला नाही, पण त्यांना विचारतो कोण!

दुसऱ्या दिवशी उरलेल्या मुलांसाठी त्या पुन्हा झोपल्या, या खेपेला पोटभर जेवून. गोष्ट कानोकानी पसरली होती, त्यामुळे येणारा प्रत्येक जण आधी मनगट धरत होता. दोन बोटं ठेवायची, घड्याळ बघायचं, हात खाली. नवरा गेल्यापासून इंदूबाईंचा हात कोणी धरला नव्हता. आज रांगेने धरत होते, आणि त्यांना मात्र कालच्या हाताची आठवण येत होती, फार येत होती. शेवटच्या मुलाने मनगट फरशीवर ठेवलं, तेव्हा त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. त्याने ते पाहिलं, अंतर मोजलं आणि निरीक्षणात लिहिलं, डोळे ओले.