खोडाळ्याचा नारळ

वस्तू वापरायची नाही, फक्त तिच्यावर जीव लावायचा, ही विद्या आमच्या पंचक्रोशीत एकट्या माझ्या थोरल्या साडूंनाच साधली आहे. साडू जव्हारला शाळामास्तर होते. निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता ते अक्काला, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, चार गावं फिरवून आणतील. त्यांनी भंगारातून एक जीप आणली. पत्रा ठोकला, घासला, रंगाचे हातावर हात दिले, आणि शेवटी बॉनेट असं झालं की त्यात बघून दाढी करावी. शेजाऱ्याने एकदा खरोखरच केली. साबणाचा फेस बॉनेटवर पडला आणि दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. जीपच्या सीटवर मखमल, मखमलीवर प्लास्टिक, प्लास्टिकवर चादर. बसायचं तर चपला बाहेर काढून, आणि तेही फोटोपुरतं. पावसाळ्यात घर गळायचं, जीपची शेड मात्र कोरडी ठणठणीत.

नाशिकला सजवलेल्या गाड्यांची स्पर्धा झाली तेव्हा टायरला माती लागू नये म्हणून साडूंनी जीप ट्रकवर चढवून नेली. ढाल मिळाली. परीक्षकाने विचारलं, "चालायला कशी आहे?" साडू दुखावल्या आवाजात म्हणाले, "चालवायला बाजारात पुष्कळ गाड्या आहेत."

अक्काचं मागणं एकच होतं. खोडाळ्याला तिची आई एकटी राहायची. तिला एकदा जावयाच्या गाडीत बसवायचं. सासूबाईंनी त्यासाठी नारळ आणून देवापाशी ठेवला होता. गाडी दारात आली की फोडायचा. नारळ वाळायचा, चटणीत जायचा, बाजारातून नवा यायचा. साडू म्हणत, "मोखाड्यापुढचा रस्ता होऊ दे." रस्ता झाला. मग म्हणाले, "जरा धूळ बसू दे." तोवर अक्का वडापच्या, माणशी भाडं घेऊन माणसं कोंबणाऱ्या जीपमध्ये, कोंबड्या आणि नागलीच्या पोत्यांमध्ये अंग चोरून माहेरी जात राहिली.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी खोडाळ्याहून फोन आला की आईचं काही खरं नाही. मी नेमका जव्हारला होतो. साडू उठले. शेडमध्ये गेले, चादर ओढली, प्लास्टिक टराटरा फाडलं आणि अक्काला म्हणाले, "चल. आपल्या गाडीनं जाऊ." किल्ली फिरवली. गाडी हूं की चूं करेना. बॅटरीचं पाणी रंगावर सांडेल म्हणून बॅटरी त्यांनीच काढून कपाटात ठेवली होती, आणि ती तिथेच कधीतरी मेली होती. ज्या रंगाला कुणाला बोट लावू दिलं नाही त्याला दोन्ही तळवे लावून त्यांनी जीप रस्त्यापर्यंत ढकलली. ती उतारावरही सुरू झाली नाही.

तेवढ्यात वडापवाला आला. दाराला सुतळी, एक दिवा गायब. "गुरुजी, बसा. आपली गाडी दिसायला नाय, पण पोचवते." आमचं कळल्यावर बाकीची माणसं आपणहून उतरली.

सासूबाई ओसरीवर पडून होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू, श्वास लागलेला, पण इंजिनाचा आवाज ऐकून उठून बसल्या. "जावईबापू, गाडी आणली का?" साडूंची मान खाली गेली. अक्काच म्हणाली, "हो आई. दारात उभी हाय."

मग सासूबाईंनी कुणाचं ऐकलं नाही. नारळ मागवला. अक्काने हात धरून नेलं आणि त्या पोचे पडलेल्या बॉनेटला हळदकुंकू लागलं. वडापवाला एकदा साडूंकडे, एकदा नारळाकडे बघत राहिला, मग डोक्यावरची टोपी काढून हात जोडून उभा राहिला. आम्ही सासूबाईंना पुढच्या सीटवर बसवून मोखाड्याच्या दवाखान्याकडे निघालो. वाटेत त्या म्हणाल्या, "गाडी लई भारी हाय हो. हळू चालवायला सांगा, रंग उडंल." साडू खिडकीबाहेर बघत बसले होते. त्यांचे डोळे पुसायला मी रुमाल दिला, तो त्यांनी परत केला नाही.

सासूबाई त्या दवाखान्यातून घरी आल्या नाहीत.

आता साडूंची जीप चालते. कपाटात बॅटरीच्या जागी ढाल आहे. दर बाजाराला ते अक्काला खोडाळ्याला नेतात, वाटेत कुणी हात केला तर कोंबड्यांसकट आत घेतात. परवा मी म्हटलं, "दादा, रंग उडायला लागला की."

"उडू दे," ते म्हणाले.

पुढच्या सीटवर अक्का बसली होती. तिच्या मांडीवर बाजारातून आणलेला नारळ होता, साधा, चटणीचा. मला सासूबाईंची फार आठवण आली.