दोन निशाणांचा मचवा

मी मूळचा थळचा. घरी मासेमारी होती, पण चार इयत्ता शिकलो म्हणून सरकारी जकातीत शिपाई लागलो आणि नेमणूक मिळाली ती खाडीच्या नाक्यावर. खाडीचा उत्तरेचा काठ इंग्रजी मुलूख, दक्षिणेचा संस्थानी. मी गेलो तेव्हा दोन्ही काठांचे पहारे वेगळे होते. आमची होडी मध्यापर्यंत जायची आणि वळायची, त्यांचीही तशीच. चोरटा माल आणणाऱ्यांना हे पाठ होतं. एखादं गलबत आम्ही हटकलं की ते पलीकडच्या अर्ध्यात सरकायचं आणि आम्ही वल्ही थांबवून बघत बसायचो.

पुढे परदेशी गलबतांतून पिस्तुलं उतरतात अशी बातमी उठली. ती मुंबईपर्यंत गेली आणि वरच्या लोकांनी बसून करार केला. किनाऱ्याची राखण दोन्ही सरकारांनी मिळून करायची. एकच मचवा, त्यावर दोन निशाणं आणि दोन शिपाई, एक आमचा आणि एक त्यांचा. हा मचवा कुठल्याही काठाला लागू शकेल. बाकी वर्दीतल्या माणसानं परवानगीशिवाय पलीकडच्या जमिनीवर पाय ठेवायचा नाही, हा जुना नियम तसाच राहिला.

त्यांच्याकडून जो शिपाई आला तो माझ्यापेक्षा वयानं थोडा मोठा होता. पलीकडच्या काठावरच्याच गावातला कोकणी मुसलमान. बाप सुपारीचा व्यापार करायचा, बायको म्हसळ्याची. मी त्याला भाई म्हणू लागलो. सुरुवातीला आम्ही फारसं बोलत नव्हतो. तो पुढे नाळेकडे बसायचा, मी मागे सुकाणू धरणाऱ्या तांडेलाजवळ. पिण्याच्या पाण्याची मडकीसुद्धा दोन होती, ज्याच्या त्याच्या सरकारनं दिलेली. एकदा लाटेच्या धक्क्यानं आमचं मडकं फुटलं. त्यानं आपलं माझ्याकडे सरकवलं.

"पी. सरकारं एक झाली, मडकी कशाला दोन?"

"घरी कळलं तर आय जेवू घालायची न्हाय."

"मग घरी सांगू नको."

मी प्यायलो. त्यानंतर तो तांदळाच्या भाकरीबरोबर सोड्यांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, चटणी आणायचा आणि निम्मी माझ्यापुढे ठेवायचा. त्याला ही नोकरी करायची नव्हती. त्याचा भाऊ आगबोटीवर खलाशी होता, बसऱ्यापर्यंत जाऊन आला होता. भाईही जाणार होता. बाप नाही म्हणाला म्हणून राहिला होता.

नारळी पौर्णिमा होऊन गेली होती. समुद्र उघडला तरी वारा अजून बसला नव्हता. दुपारी खाडीच्या तोंडाशी एक मालवाहू पडाव दिसला. हटकलं तर थांबेना, म्हणून आम्ही मागे लागलो. बऱ्याच वेळानं तो हाती आला. आत मंगळुरी कौलं होती, बाकी काही नव्हतं. नाखवा म्हणाला, ऐकू आलं नाही. आम्ही त्याला जाऊ दिलं आणि मचवा वळवला. वळताना वाऱ्यानं शीड एकदम पलटलं. शीड ज्या लांब काठीला बांधतात ती परबाण फिरली आणि भाईच्या डोक्याला लागली. तो पाण्यात पडला. ओरडला नाही.

तांडेलानं मचवा फिरवला. मी उडी टाकली. पाणी गढूळ होतं, ओहोटीची ओढ होती. मी बुडी मारायचो, वर यायचो, पुन्हा बुडी मारायचो. शेवटी तांडेलानं माझा पट्टा धरून मला वर ओढलं. भाईची तुर्की टोपी तरंगत होती, ती आम्ही घेतली.

सकाळी वाळूत तिसऱ्यांच्या शिंपल्या वेचायला गेलेल्या बायकांना तो सापडला. तो आमच्या काठाला लागला होता, इंग्रजी मुलखात, अंगावर संस्थानची वर्दी. तिथूनच सगळं अडलं.

आमचा नाकेदार वयस्कर होता, कमी बोलणारा. तो वाळूवर येऊन उभा राहिला. मी विचारलं, "पलीकडे पोचवायचं ना, रावसाहेब?"

"परक्या सरकारचा नोकर आमच्या हद्दीत मेलेला आढळला," तो म्हणाला. "पंचनामा तालुक्याचा माणूस येऊन करणार. मग वरून परवानगी, मग ताबा."

"करार झालाय की."

"करारात पाठलाग आहे. पकडलेला माल कुणी ठेवायचा ते आहे. माणूस मेला तर काय, ते कुणी लिहिलेलं नाही."

आम्ही त्याच्यावर नारळाच्या झावळ्या घातल्या. मी शेजारी बसलो. कावळे आले की हात हलवायचो. मनात काहीच नव्हतं. पट्ट्याचं कातडं भिजून कडक झालं होतं, त्याला तेल लावायला हवं एवढंच डोक्यात येत होतं.

माणसं नेणाऱ्या तरीतून त्याचा बाप आला. झावळी बाजूला करून त्यानं तोंड पाहिलं आणि पुन्हा झाकलं.

"न्यायचा हाय मला."

मी उठून उभा राहिलो. मग म्हणालो, "तालुक्याचा मानूस यायचाय, चाचा."

"पोरगा माझा हाय. मातीला उशीर करू नये. तुला ठावं हाय ना?"

"व्हय."

संस्थानचा ठाणेदार आपल्या होडीतून आला. वर्दीत होता, म्हणून उतरला नाही. गुडघाभर पाण्यात होडी उभी करून त्यानं नाकेदाराला विचारलं, नाकेदारानं तेच उत्तर दिलं. दोघेही एकमेकांशी अदबीनं बोलले. ठाणेदारानं सलाम केला आणि होडी परत गेली. ऊन चढलं. बाप झावळ्यांवर पाणी शिंपडत होता. तालुक्याहून कुणी आलं नाही.

भरती लागली तसा नाकेदार पुन्हा वाळूवर आला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "दोन्ही काठांना लागू शकतो तो फक्त गस्तीचा मचवा. त्याच्यावर दोन शिपाई असतात, एक इकडचा, एक तिकडचा. आज गस्त नाही का?"

मला कळलं नाही. मी तसाच बसून राहिलो. तांडेलाला कळलं. तो उठला आणि मचव्याचा दोर सोडू लागला.

"चल," तो मला म्हणाला. "पायाकडनं धर."

आम्ही भाईला त्याच्या नेहमीच्या जागी, नाळेकडे ठेवलं. बाप त्याच्या पायाशी बसला. मी मागे माझ्या जागी. तांडेलानं रोजच्या सवयीनं दोन्ही निशाणं चढवली, ती कुणी उतरवली नाहीत. नाकेदार पाठ करून नाक्याकडे चालू लागला होता.  मी पलीकडच्या माडांकडे बघत होतो. त्यात एक माड वाकडा होता. तो जवळ येत गेला.

काठावर त्याचे गाववाले जनाजा घेऊन उभे होते. ते लोक मला रोज लांबून बघायचे. मी वर्दीतच, परवानगीशिवाय उतरून खांदा द्यायला पुढे झालो तेव्हा एकजण सरकला आणि त्यानं जागा केली. कबरस्तानात मी बाकीच्यांसारखीच मूठमूठ माती टाकली. कुणी विचारलं नाही हा कोण. रडू आलं नाही. येईल म्हणून मी वाट पाहिली, मग तेही सोडलं.

परतलो तर नाकेदारानं विचारलं, "गस्त झाली?"

"झाली."

"बरं. जेवून घे."

पुढे या गोष्टीवर तो माझ्याशी कधीच बोलला नाही. तालुक्याचा माणूस दुसऱ्या दिवशी आला. नाकेदार त्याला ओसरीवर घेऊन बसला, काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. दिवाळीच्या सुमारास वरून कागद आला, प्रेत ताब्यात देण्यास हरकत नाही म्हणून. आणि नंतर करारात त्याबद्दलचं एक कलमही वाढलं, असं ऐकलं.

त्यांच्याकडून नवा शिपाई आला. पोरसवदा होता, बडबड्या. मी त्याला उत्तरं द्यायचो. मचवा तोच, काम तेच. पिस्तुलं आम्हाला कधीच सापडली नाहीत. घरी गेलो की बायको म्हणायची, "तुमच्या मनात काय बोलाचा न्हाय का?" मी म्हणायचो, दमलोय. खरं तर दमलेलोही नसायचो.

भाईचा बाप मला आठवड्याच्या बाजारात भेटायचा. पहिल्यांदा भेटला तेव्हा त्यानं मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "कसा पडला?" मी सांगितलं. वारा कुठून होता, परबाण कशी फिरली, तो कुठे बसला होता. त्यानं सगळं ऐकलं, "बरं" म्हणाला आणि सुपारीच्या गोणीजवळ जाऊन बसला. पुढच्या बाजाराला पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं, त्याच शब्दांत. असं कितीतरी बाजार चाललं. मी टाळलं नाही, तोही चुकला नाही.

मग एका बाजाराला मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो तर त्यानं विचारलंच नाही. यंदा सुपारीला पावसानं डाग पडलाय, असं म्हणाला. आपला मोठा मुलगा बसऱ्याहून येतोय, सून माहेरी म्हसळ्याला गेलीय, असंही म्हणाला. मी थोडा वेळ थांबलो. त्यानं दोन सुपाऱ्या माझ्या हातावर ठेवल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.