नाव बदललेली बाई

थोरलीच्या हातून कुणाचं तरी वाटोळं होणार, ही धास्ती आईच्या मनातून काही केल्या जात नव्हती.

थोरली विद्यापीठात चेटकाचा अभ्यास करत होती. मंत्र शिकत नव्हती. एखाद्या बाईला लोक चेटकीण का ठरवतात, तिच्याकडे पहिलं बोट कोण दाखवतं, हे शोधत होती. घरच्यांना थट्टेला आयता विषय मिळाला होता.

"आधी माझ्या सासूवर प्रयोग कर म्हणावं," मावशी म्हणायची.

"उशीर केलास मावशी. त्यांनी तुझ्यासाठी कधीच नंबर लावलाय!" थोरली परतफेड करायची.

चार वर्षं ती रेकॉर्डर घेऊन दारोदार फिरली. पहिल्या वर्षी लोकांनी तोंडावर दारं लावली. मग तिने प्रश्न विचारणंच सोडलं. बायकांसोबत शेंगा सोलत बसायची. बोलणं आपोआप निघायचं.

आता प्रबंध सोमवारी बाइंडरकडे जायचा होता. शुद्धलेखन आईकडे. "फक्त ऱ्हस्वदीर्घ बघ हं. विषयात नाक खुपसायचं नाही," असं थोरलीने बजावलं होतं.

शनिवारी दुपारी आई लाल पेन घेऊन पाचव्या प्रकरणाला लागली. त्यात एका सुईणीची हकिकत होती. बाळंतपणात मूल दगावलं आणि गल्लीने तिला चेटकीण ठरवलं. दुकानदार सामान देईना. आवई पहिल्यांदा उठवली सख्ख्या जावेने, हे सुईणीने थोरलीला विश्वासाने सांगितलं होतं. संशोधनाच्या नियमाप्रमाणे थोरलीने सुईणीचं नाव बदललं होतं, गावाचंही. पण पुढेच लिहिलं होतं: डाव्या पायाने लंगडते, गावात सुईण ही एकटीच, मुलगा टपाल वाटतो.

आईने पेन खाली ठेवलं. नाव तेवढं झाकलं होतं, बाई उघडीच होती. जाऊ अजून भिंतीला भिंत लागून राहत होती. आणि प्रबंधाची एक प्रत थोरलीने त्याच गावच्या वाचनालयाला कबूल केली होती.

मागे एकदा एका प्रकरणाबद्दल आईने ब्र काढला, तर थोरली पंधरा दिवस बोलली नव्हती. आता तर ऐन छपाईच्या तोंडावर तिच्या कामात खोट काढायची. पण ही रुसेल नि चार दिवसांनी हसेल. त्या बाईला पुन्हा वाळीत टाकलं तर ती कुठे जाईल?

धरू दे अबोला, असं पुटपुटत आईने फोन जवळ ओढला.