आलं असंल कुणीबी

हे मी कुणालाच सांगितलं न्हाई. आईला न्हाई, मालकाला तर न्हाईच न्हाई. तुमाला सांगायलेय — तर तुमी तरी कोण माझे? पण वळखीच्या माणसाला सांगायचं म्हणलं की जीभच उचलत न्हाई. सासू शेळ्या घेऊन रानात गेलीय, लेकरू झोळीत झोपलंय, तवर सांगते. मधीच उठलं तर उठलं. मी नववीत नापास झाले अन् शाळा सुटली, तव्हा बोलण्यात काही मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

आमाला भाऊ न्हाई. माहेरी वालूरच्या घरात आमी दोघी — बगा, इथंच अडकले. दोघी म्हणावं का? आधारकार्डावर दोघी. माझ्या पाठीवर जे झालं त्याचं नाव शाळेत सुवर्णा अन् घरात सोनं. सोनं आलं, सोनं जेवलं, सोनं रुसलं. लहान लेकराला सगळेच आसं बोलतात, न्हाई का? मग लेकरू वाढतं अन् कुणाच्या ध्यानात बी येत न्हाई, 'आलं'चं 'आली' होऊन जातं. माझं झालं. सोन्याचं झालं न्हाई. सोनं स्वतःला बी तसंच बोलायचं. मी आलं, मी जातं, मी दमलं. आई मुस्काटात द्यायची — "आले म्हण, मेले, आले म्हण!" सोनं गाल चोळायचं अन् हळूच म्हणायचं, "बरं, मी गप बसतं." आबाला सुद्धा हसू फुटायचं.

एकदा मी विचारलं, तुला पोरगा व्हायचंय का? म्हणलं, न्हाई. मग पोरगी? न्हाई. मग काय तरी? "मला सोनंच बरं वाटतं." एवढंच. ह्यात कुणाचं काय जायलं व्हतं? पण लोकं आशी बोलायची जसं काय त्यांचंच घर लुटलंय कुणी.

पुढं देवगाव फाट्यावर मोटारी भरायच्या दुकानात सोनं कामाला लागलं. विहिरीवरची जळालेली मोटार खोलायची, काळी पडलेली तार काढायची, तांब्याची नवी गुंडाळायची. हात लय बारीक चालतो त्याचा. त्याच हातानं लग्नसराईत बायांना मेंदी काढायचं. बाप्ये मोटार घेऊन यायचे, बाया मेंदीला बोलवायच्या, अन् पाठ फिरली की दोघं बी हसायचे. अंगात शर्ट-पँट, केसाला पिना, एका हातात बांगडी. अन् तारंवर ओततात त्या वार्निशचा वास — कितीबी साबण लावा, जात न्हाई.

माझं लगीन ठरलं तव्हा सोनं म्हणलं, मी साडी नेसत न्हाई, पण कामाला सगळ्यात पुढं ऱ्हातं. आई रडली. अन् मी — तुमाला वाटंल आबानं केलं, आईनं केलं. न्हाई. मीच आबाला म्हणलं, त्याला आत्याकडं पाठवा. सासरचे काय म्हणतील? सोन्यानं माझ्या हातावर मेंदी काढली, कोपरापस्तोर, अन् सकाळच्या बसनं गेलं. पाव्हण्यांना सांगितलं, धाकटीला कांजण्या निघाल्या. मग ती लबाडी सांभाळायला दुसरी. धाकटी आत्याकडंच ऱ्हाती, शिकती. सोन्याला सांगितलं, इकडं माझ्या सासरी चुडाव्याकडं येऊ नको, माझी सासू लय कडक हाय. आलं न्हाई. माझं बाळंतपण बी परभणीच्या दवाखान्यात झालं, माहेरी जाणं झालंच न्हाई. लेकराचा फोटू तेवढा मोबाईलवर धाडला.

पण हे बी ते न्हाई. मला सांगायचंय ते आजून पुढं हाय.

आमच्या गावात एक नाटकाच्या बाई यायला लागल्या. परभणीच्या. बायांची नाटकं बसवायच्या, स्पर्धेसाठी. दुपारी समाजमंदिरात सगळ्या जमायच्या. सासू म्हणली, "घरात काय नाटकं कमी पडली का?" पण बाई घरी येऊन चहा पिऊन गेल्या, तव्हा पाठवलं. मी लेकरू घेऊन कोपऱ्यात बसायची. बाई म्हणल्या, औंदा आपल्या नाटकातलं मुख्य माणूस ना बाई ना बाप्या आसं पाहिजे. ते कसं बोलंल, कसं चालंल, तुमीच करून दाखवा. सगळ्या हसायल्या. शेजारची मंदा उठली, पदर खोचला, टाळ्या वाजवत कंबर हलवली — "ए राजा, दे ना!" हसून हसून लोळायल्या बाया. बाई हसल्या न्हाईत. म्हणल्या, हे तर सगळेच करतात, दुसरं काही?

अन् माझ्या तोंडून निघालं. मी म्हणलं, आसं न्हाई बोलत ते. ते साधंच ऱ्हातं. फकस्त आलो बी म्हणत न्हाई अन् आले बी म्हणत न्हाई. मी आलं म्हणतं. मी दमलं म्हणतं.

बाई माझ्याजवळ येऊन खाली बसल्या. म्हणल्या, "अगं पोरी, हे तुला कसं सुचलं?"

तव्हा खरं सांगायचं व्हतं. काय अवघड व्हतं? माझ्या घरात हाय, एवढंच. मी म्हणलं, "असंच. मनानं."

बाई म्हणल्या, तुला आतून दिसतं गं. मला आजवर कुणी आसं म्हणलं न्हाई. शाळेत न्हाई, घरात न्हाई. त्या शब्दाची मला चटकच लागली. पुढच्या खेपेला बाईंनी विचारलं, आजून सांग, आजून काय करतं ते? आता माझ्याकडं आजून कुठून येणार?

मग मी सोन्याला फोन करायला लागले. आधी कव्हातरी करायची, आता दिसाआड. गोड बोलायची. तुला काय वाटतं रं सोनं, पाळी आली तव्हा काय वाटलं, आई मारायची तव्हा मनात काय यायचं, माझ्या लग्नात आत्याकडं बसून काय केलंस? सोनं आधी दबकलं. मग सांगायला लागलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी विचारायलं व्हतं ना. एकदा म्हणलं, "ताई, तू विचारतीस तव्हा मला लय हलकं वाटतं." अन् मी ते हलकं वाटतं सुद्धा तालमीत नेऊन सांगितलं. माझं म्हणून. सगळं तसंच्या तसं, एक शब्द बदलला न्हाई. फकस्त नाव बदललं. सोनं ठेवता येईना, म्हणून मी चांदणं ठेवलं. बाईंनी टाळ्या वाजवल्या.

न्हाई, आजून एक बदललं. नाटकात बी लगीन हाय. चांदण्याला घरचे कडब्याच्या कोठ्यात बसवतात, पाव्हण्यांना दिसू ने म्हणून. तव्हा नवरी मांडवातून उठती, कडी काढती, चांदण्याला हाताला धरून सगळ्यांच्या मधी आणती अन् म्हणती, "हे माझं हाय. हे मांडवात बसंल, न्हाईतर मी बी उठते." हे मी सांगितलं बाईंना. बाई रडल्या. म्हणल्या, ती बहीण तूच कर. मंदाला चांदणं केलं अन् मला बहीण.

तुमी म्हणसाल, लाज कशी वाटली न्हाई? न्हाई वाटली. तालमीत ते वाक्य म्हणताना माझा आवाज फुटायचा, अन् मला वाटायचं मी खरंच तसं केलंय.

परभणीला नाट्यगृहात प्रयोग झाला. गावातून टेम्पो भरून माणसं आली, सासू आली, मालक आले. लेकरू सासूकडं व्हतं. सोन्याला मी काही सांगितलं नव्हतं. पण मंदानं तालमीचा व्हिडिओ स्टेटसला ठेवला व्हता, तो फिरत फिरत फाट्यावर गेला. मोबाईलमधी कुणीतरी 'मी दमलं' म्हणायलंय — सोन्याला कळायला किती वेळ लागणार?

नाटक झालं. लोकं उठून टाळ्या वाजवायली. आमी बाहेर आलो, चहाच्या गाड्यापाशी उभ्या ऱ्हायलो, तोंडाचा रंग तसाच. मालक टेम्पो बगायला गेले. अन् मला वार्निशचा वास आला.

सोनं समोर उभं. इस्त्रीचा शर्ट घातलेला. मला वाटलं, आता भांडतं. भांडलं असतं तर बरं झालं असतं. पण ते हसायलं व्हतं. डोळे लाल, अन् हसायलं. म्हणलं, "ताई, लय भारी झालं गं. मी मागंच बसलं व्हतं. कडी काढलीस ना तू, तव्हा मी —"

सासू लेकरू घेऊन माझ्या शेजारीच व्हती. म्हणली, "कोण गं हे? तुला ताई म्हणायलंय."

नाक माझ्यासारखंच हाय सोन्याचं. कुणी बगितलं असतं तर कळलं असतं.

मी म्हणलं, "काय म्हाईत. नाटक बगायला आलं असंल कुणीबी."

आलं असंल. तोच शब्द. ज्याच्यासाठी घंटाभर टाळ्या घेतल्या तोच. पण मी तो आसा म्हणला जसं दारात आलेल्या कुत्र्याला म्हणतात. सोन्याचं हसू लगेच गेलं न्हाई. तोंडावर तसंच ऱ्हायलं थोडा वेळ, त्याला कुणी सांगितलंच न्हाई की आता जायचंय.

सासूनं वर-खाली बगितलं. शर्ट, पिना, बांगडी. तिला काय वाटायचं तेच वाटलं. तिनं कमरेची पिशवी काढली, दहाची नोट काढली, लेकरावरून ओवाळली अन् पुढं केली. "घे बाई — घे बाबा — काय म्हणावं तुमाला. माझ्या नातवंडाला आशीर्वाद दे."

सोन्यानं माझ्याकडं बगितलं. मी चहाच्या पेल्यात बगितलं. मी एक शब्द बोलले असते तर माझं काय झालं असतं? सासरच्यांनी हाकलून दिलं असतं, आसं म्हणायला मला आवडंल. पण मला म्हाईत न्हाई. मी कव्हा विचारून बगितलंच न्हाई. सासू कडक हाय हे मीच सांगत आले. त्या माउलीनं तर आशीर्वाद मागितला व्हता.

सोन्यानं हात पँटीला पुसला. लेकराच्या डोक्यावर ठेवला. माझ्या लेकराला त्यानं पहिल्यांदा बगितलं ते आसं. कानाची पाळी जराशी धरली, म्हणलं, "लय मोठं हो." अन् नोट घेतली. का घेतली? घेतली नसती तर सासूनं विचारलं असतं, कसलं हे, पैसे बी घेईना? म्हणून घेतली. दोन्ही हातानं घेतली, कपाळाला लावली, जसं ते लोक लावतात तसं. अन् गेलं. मी हाक मारली न्हाई. चहा संपवला. गरम व्हता, जीभ पोळली, एवढं ध्यानात हाय.

आमचा पहिला नंबर आला. बाईंनी माईकवर मला पुढं केलं, विचारलं, हे चांदणं तुला कुठं भेटलं? मी म्हणलं, मनात.

पुढं मी फोन केला. लय दिवसांनी. सोन्यानं उचलला. मी म्हणलं, कसं हाय रं सोनं? पलीकडून मोटारीचा आवाज यायला व्हता. म्हणलं, "मी बरी हाय. तुमी कशा हाव?"

बरी. अन् तुमी. मला जल्मात कव्हा तुमी म्हणलं नव्हतं त्यानं. आईनं मारून मारून जे झालं न्हाई ते मी केलं — पण ते फकस्त माझ्याशी बोलताना. आई सांगती, घरात आजून मी आलं, मी जातं चालूच हाय. माझ्याशी तेवढं नीट बोलतं. शाळेत शिकवतात तसं. मी सारखी फोन ठेवायला निमित्त हुडकते.

मला रडू येत न्हाई. मी वाट बगितली, येईल म्हणून. भाकरी करते, लेकराला पाजते, तालमीला जाते. नाटकाचे प्रयोग आजून चालू हाईत. त्या जागी आवाज आता आपसूक फुटतो.

मागच्या महिन्यात लेकराचं जावळ काढलं. मामाच्या मांडीवर बसवून काढतात आमच्यात. सासू म्हणली, तुला सख्खा भाऊ न्हाई, आता कुणाला बोलवावं? मी चुलतभावाचं नाव सांगितलं. तो आला, नवा टावेल घेतला, लेकरू मांडीवर घेतलं. लेकरू लय रडलं, परक्या मांडीवर थांबंना. सासूनं गुळखोबरं वाटता वाटता म्हणलं, "परभणीला भेटलं व्हतं बग ते, त्यानं हात ठेवला तव्हापासून लेकराला साधा ताप न्हाई. आज बोलवलं असतं त्याला. कुठं ऱ्हातं कुणास ठाऊक."

मी म्हणलं, "हो ना, कुणास ठाऊक."

देवगाव फाट्यावर ऱ्हातं. मोटारी भरायच्या दुकानात. बसमधून उतरलं की समोरच दिसतं.