ओपनिंग बंद करा

चहा गार होईस्तोवर ऐका, कारण हा किस्सा चहाचाच आहे. आणि माझ्या जिभेचा.

कर्जतहून चौककडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. रस्त्याच्या अलीकडे माझं घर, पलीकडे सुशीचं. दोघी एकाच वर्षी सुना म्हणून इथं आलो. मी पोशीरची, ती खालापूरकडची. तेव्हापासून दुपारचा चहा तिच्या ओट्यावर. रस्ता लहान होता तेव्हा आधण ठेवून ती हाक मारायची आणि मी पोचेपर्यंत उकळी यायची.

मग रस्ता चौपदरी झाला, मधे डिव्हायडर आला. पण आमच्या नशिबानं गाड्या वळायला मोकळी जागा सोडली ती नेमकी आमच्या घरांसमोर. दोन्हीकडे बघत, पदर सावरत आमचं जाणं-येणं चालू राहिलं.

एक दिवस गावाच्या ग्रुपवर निरोप आला. रस्ता सुरक्षेची सभा आहे, साहेब माहिती देणार, गावकऱ्यांनी सूचना कराव्यात. सुशीचा गुडघा दुखत होता. म्हणाली, "तू जा गं. मला येऊन सांग." मी काठाची साडी नेसून पहिल्या रांगेत.

साहेब तरुण, बोलायला गोड. पण अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. सगळं कानावरून चाललेलं. तेवढ्यात एक ओळखीचा शब्द आला.

"गावासमोरचं ओपनिंग बंद करावं, असा विचार आहे. तुमचं काय म्हणणं?"

आता मला सांगा, ओपनिंग म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? माझ्यापुढे मंडप आला, फीत आली, स्पीकर आला. आमच्याकडे गटारावर झाकण टाकलं तरी ओपनिंग होतं. मागच्याच एका ओपनिंगला स्पीकरच्या दणक्यानं माझी बरणी फळीवरून खाली आली होती, लोणच्यासकट. मी उठलेच.

"बंदच करा साहेब. या ओपनिंगनं ताप झालाय गावाला."

साहेब खूश. "काकू, तुम्ही तिथंच राहता?"

"अगदी समोर."

"धोका वाटतो?"

"वाटणारच. गाड्या कशाही घुसतात, माणसं मधेच उभी राहतात. कुणाला कुणाचं भान नसतं."

"मग एखादं लहान ठेवू या का? फक्त पायी माणसांसाठी?"

देव बिचारा साहेबाच्या तोंडून विचारत होता, पण मी ऐकते कुठली. "लहान नको, मोठं नको. लहान म्हणून सुरू करता आणि मग वाढतच जातं."

टाळ्या पडल्या. सरपंचबाई म्हणाल्या, "समोर राहणारीच सांगते, तर आमी काय बोलणार?"

घरी जाताना सुशीला ऐटीत सांगितलं, ओपनिंग बंद. ती म्हणाली, "बरं केलंस. नातवाची झोप मोडायची गं."

मग एका सकाळी क्रेन आली आणि मोकळ्या जागेत सिमेंटचे ठोकळे उतरवायला लागली. मी मुकादमाला विचारलं, "हे काय करता?"

"ओपनिंग बंद करतोय. इथल्याच कुणी काकूंनी लय जोर लावला म्हणे सभेत."

मी गपचूप घरात आले.

आता सुशीकडे जायचं तर एका बाजूनं फाट्यापर्यंत चाला, नाहीतर दुसऱ्या बाजूनं पेट्रोलपंपापर्यंत. तिला गुडघा, मला दम. दुपारी ती तिच्या ओट्यावर बसायची, मी माझ्या. ती कप उचलून दाखवायची, मी माझा दाखवायची. मधून कंटेनर गेला की सुशी नाहीशी. तो सरकेपर्यंत माझा घोट तोंडातच राहायचा. फोन होता, नाही असं नाही. पण फोनवर काय बोलणार? "कशी हायस?" "बरी." संपलं. ओट्यावर आम्ही तासभर काहीही न बोलता बसायचो, ते फोनवर कसं करायचं?

शेवटी एका दुपारी राहवेना. तिला न सांगताच निघाले. फाट्यावरून, बसत-उठत, घाम पुसत पोचले. बघते तर ओटा रिकामा, दाराला बाहेरून कडी. हाका मारल्या. कुणी नाही.

मागे वळले. पलीकडे, माझ्या ओट्यावर, सुशी गुडघा चोळत बसलेली. पेट्रोलपंपाकडून गेली होती.

फोन वाजला. "कुठं उलथलीस गं?"

"तुझ्या ओट्यावर."

तिचे खांदे हलत होते. हसत होती की रडत होती, एवढ्या लांबून कळेना.

"आता मी लगेच काय उठायची नाय," ती म्हणाली. "चहा टाक. साखर वरच्या फळीवर हाय. मी हितं टाकते."

तिच्या चुलीपुढे मी, माझ्या गॅसपुढे ती. कप घेऊन दोघी ओट्यावर आलो आणि समोरासमोर बसलो.

"तुझ्या घरात सगळं गावलं गं," फोनवर सुशी म्हणाली. "तू तेवढी नाय गावलीस."

मी म्हटलं, "पुढच्या सभेला मी पुन्हा उठते, सुशे. ही जागा मोकळी करूनच घेते."

"तू घरी बस," सुशी म्हणाली. "मी जाते रांगत."